पुढाऱ्यांचा मान आणि घरोघरची मंडळी

पाठ : इब्री 13:7, 17, 1 थेस्सलनीका 5:12-13, 1 पेत्र 5:1-4, प्रेषितांची कृत्ये 6:1-7 व 18:1-3, 24-28, गणना 12, 3 योहान.

उद्देश : मंडळीच्या पुढाऱ्यांस मान देणे म्हणजे काय, तो कोणत्या मर्यादेत द्यावा, आणि गाव सोडून पोटासाठी फिरणाऱ्या घराण्यांनीही मंडळीत कसे राहावे, हे समजून घेणे.



मंडळीच्या पाळकास, वडिलांस व सुवार्तिकास मान द्यावा, ही गोष्ट आपणांपैकी कोणास नवीन नाही. लहान मुलासही ती ठाऊक आहे. परंतु मान म्हणजे काय, असे विचारले तर निरनिराळी उत्तरे येतात. कोणी म्हणतो, ते आले म्हणजे उठून उभे राहावे, खाट टाकावी, चहा करावा. कोणी म्हणतो, ते सांगतील त्याला मान डोलवावी. कोणी असेही म्हणतो की, त्यांच्या तोंडावर काही बोलू नये, मागून काय बोलायचे ते बोलावे! ह्यांपैकी पहिली गोष्ट चांगली आहे, दुसरी अपुरी आहे, आणि तिसरी तर मानाच्या अगदी उलट आहे. म्हणून ह्या आठवड्याच्या पाठात आपण शास्त्राच्या आधाराने ह्या विषयाचा नीट विचार करू.

1. मान कशासाठी?

थेस्सलनीका येथील मंडळी अगदी नवी होती. तिच्यातील पुढारीही नवेच होते. कालपरवापर्यंत ते इतरांसारखेच बाजारात बसत होते, आणि आता तेच लोकांस बोध करू लागले होते. अशा मंडळीला पौल लिहितो की, जे तुमच्यामध्ये श्रम करितात त्यांस ओळखा, आणि त्यांच्या कामामुळे त्यांना प्रेमाने मोठे माना. येथे ‘कामामुळे’ ह्या शब्दाकडे आपण लक्ष द्यावे. त्यांच्या कुळामुळे, शिक्षणामुळे किंवा वयामुळे नव्हे. काम हेच मानाचे कारण आहे.

ते काम कोणते, हे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. पुढारी आपल्या जिवांची राखण करितात, आणि त्या राखणीचा हिशेब त्यांस देवापुढे द्यावयाचा आहे. ज्वारी हुरड्यास आली म्हणजे राखणदार माळ्यावर बसून रात्र काढतो. घरचे लोक झोपलेले असतात, तेव्हा त्याचे डोळे उघडे असतात. अशा राखणदाराशी मालकाने रोज भांडण काढले तर नुकसान कोणाचे? पिकाचेच. तेच पत्र म्हणते की, पुढाऱ्यांना कण्हत कण्हत काम करावे लागले तर त्यात तुमचे हित नाही. म्हणजे पुढाऱ्यास मान देणे ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. त्यात आपल्याच जिवाचे हित आहे.

आपल्या खेड्यांत एक अडचण विशेष आहे. सुवार्तिक पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो. त्याला आपण उघडानागडा खेळताना पाहिलेले असते. त्याचा बाप आपल्याबरोबर रोजाने गेलेला असतो. पिकते तिथे विकत नाही म्हणतात, तसे त्याचे होते. प्रभू येशूलाही नासरेथ गावी हाच अनुभव आला. हा सुताराचाच ना, असे म्हणून लोकांनी त्याला हिणविले. आणि त्यांच्या अविश्वासामुळे तेथे फारशी महत्कृत्ये झाली नाहीत. तीमथ्याच्या तरुण वयावरून लोक त्याला तुच्छ मानतील, अशी पौलालाही काळजी होती. तेव्हा तरुण सुवार्तिकाचे वय मोजणाऱ्यांनी आधी त्याचे श्रम मोजावेत.

2. मुकादमाचा मान व मेंढपाळाचा मान

परभणी व बीड ह्या जिल्ह्यांतील खेड्यांत मुकादम कोण हे सांगावयास नको. पावसाळ्यात हातात पैसा नसतो, तेव्हा तो उचल देतो. नवराबायको मिळून एक कोयता, असा हिशेब धरला जातो. दसरादिवाळीच्या सुमारास तो कोयता कारखान्याच्या मुलुखात जातो, आणि उचल फिटेपर्यंत ऊस तोडून मोळ्या बांधतो. हंगामात आजारपण आले किंवा पाऊस आडवा आला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते. अशा मुकादमाला सर्व लोक मान देतात. त्याच्यापुढे आवाज चढवीत नाहीत. परंतु तो मान उचलीचा आहे. ज्या दिवशी उचल फिटेल, त्या दिवशी तोही संपेल.

दुसरा मान जातीचा व जमिनीचा. ज्याच्या घरी मोठा वाडा व चार बैल, त्याचा शब्द चावडीवर चालतो. ही सवय आपल्याबरोबर मंडळीतही येते. कित्येक ठिकाणी पंचमंडळाच्या निवडणुकीत मनुष्याची भक्ती न पाहता त्याची भावकी किती मोठी हे पाहिले जाते. पाळक एका जातीतून आलेला व मंडळी दुसऱ्या जातीतून आलेली असली, म्हणजे मनात जुना विंचू नांगी वर करतो. असे मन घेऊन प्रभूच्या मेजापाशी बसणे किती भयंकर आहे, ह्याचा विचार ज्याने त्याने करावा.

पेत्र ह्या दोन्ही मानांपेक्षा वेगळा मान सांगतो. वडिलांनी कळप पाळावा, पण जुलमाने नव्हे तर संतोषाने. द्रव्याच्या लोभाने नव्हे. आणि धनीपणा गाजवून नव्हे, तर कळपाला कित्ता होऊन. मुकादम मागून हाकतो, मेंढपाळ पुढे चालतो. मुकादमाजवळ आपल्या नावाची बाकी लिहिलेली असते. मेंढपाळाजवळ आपले नाव प्रार्थनेत असते. म्हणून ज्या पुढाऱ्याला मुकादमासारखा मान हवासा वाटतो, त्याने आपण कोणाची चाकरी करतो हे एकांतात स्वतःला विचारावे. आणि ज्या कुटुंबाला भीतीशिवाय मान देता येत नाही, त्याने आपण दास आहोत की मुले आहोत, हे विचारावे.

3. आपल्या मुलुखातील जुना दाखला

हा मार्ग आपल्या मुलुखात पूर्वी कोणी चालून दाखविला काय? होय. परभणीहून लोहमार्गाने मनमाडकडे जाताना जालना लागते. तेथे नारायण शेषाद्री हे पाळक होते. ते जन्माने ब्राह्मण. 1843 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि 1854 साली फ्री चर्चच्या मिशनात त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे ते निजामाच्या राज्यात जालना येथे आले. त्या काळी हा सर्व मराठवाडा निजामाच्याच अमलाखाली होता, आणि 1948 सालापर्यंत तो तसाच राहिला. त्यांच्या बोधाने जे लोक ख्रिस्ताकडे आले, त्यांत मांग समाजातील लोक पुष्कळ होते. निजामाचे दिवाण सालारजंग ह्यांजकडून जमीन मिळवून शेषाद्री ह्यांनी जालन्याजवळ ह्या लोकांसाठी बेथेल नावाचे गाव वसविले. 1873 साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या मोठ्या परिषदेस ते गेले होते. परंतु जगभर हिंडलेल्या ह्या विद्वानाचे मन ज्या लोकांत होते, त्यांची सावली गाव अंगावर पडू देत नसे.

ह्यात आपल्यासाठी दोन गोष्टी आहेत. ज्या कुळाने मान आपोआप मिळाला असता, ते कुळ ह्या पाळकाने मागे टाकले; म्हणजे त्याला मिळालेला मान सेवेचा होता. आणि नुसता बाप्तिस्मा देऊन लोकांस पांगू न देता त्याने घराण्यांना एकत्र वसविले; कारण एकटे घर गावाच्या दडपणाखाली फार काळ टिकत नाही, हे त्याने ओळखिले.

त्याच 1854 साली अहमदनगर येथे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशनाच्या हरी रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक ह्या दोघांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. आपल्याच भाषेचे व आपल्याच मातीचे पाळक मंडळीस मिळू लागले. त्याबरोबर एक नवी परीक्षाही आली. साहेबाला मान देणे सोपे होते. त्याच्यामागे सत्ता होती, शाळा होती, दवाखाना होता. आपल्यातल्याच भावाला पाळक म्हणणे, आणि आपल्याच पैशातून त्याचा निर्वाह चालविणे, हे कठीण होते. आज ती परीक्षा पुरतेपणी आपल्यावर आली आहे. 1970 साली नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात असोत किंवा दुसऱ्या पंथांत असोत, आपल्या मंडळ्यांचा कारभार आता आपल्याच लोकांच्या हाती आहे. पाळकाशी पटले नाही म्हणजे बंगल्यावर जाऊन साहेबाजवळ गाऱ्हाणे करण्याचे दिवस गेले. आता एकमेकांचे ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

4. तक्रार असल्यास

मान देणे म्हणजे तोंड शिवून बसणे नव्हे. यरुशलेमातील मंडळीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होऊ लागली, तेव्हा कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांस बंडखोर ठरविले नाही. त्यांनी सर्व मंडळी बोलाविली, चांगल्या नावाची सात माणसे निवडावयास सांगितली, आणि मंडळीने निवडलेल्यांवर हात ठेवून प्रार्थना केली. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच भाषेच्या माणसांकडे ते काम गेले असे दिसते. परिणाम असा झाला की, मंडळी फुटण्याऐवजी वाढली.

तक्रारीची चांगली रीत अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांनी दाखविली. अपुल्लो मोठा वक्ता होता, पण त्याचे ज्ञान अपुरे होते. ह्या जोडप्याने भर सभास्थानात उभे राहून त्याची चूक काढली नाही. पारावर बसून त्याची थट्टाही केली नाही. त्यांनी त्याला आपल्याजवळ घेतले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. पुढे अखया प्रांतातील विश्वासणाऱ्यांस अपुल्लोचे पुष्कळ साहाय्य झाले. तेव्हा पाळकाच्या उपदेशात चूक वाटली, तर त्यांना भाकरीला बोलवावे आणि प्रेमाने बोलावे.

परंतु आपल्याकडे काय होते? उपासना संपते, घरी चूल पेटते, आणि चुलीपाशी पाळकाची चिरफाड सुरू होते. जवळ लेकरे बसलेली असतात. दहा वर्षांनी तीच लेकरे उपासनेस येत नाहीत, तेव्हा आईबाप पाळकालाच विचारतात की, तरुण मुले मंडळीत का येत नाहीत? जे पेरले ते उगवले.

मिर्याम व अहरोन ह्यांनी मोशेच्या बायकोवरून मोशेविरुद्ध बोलणे काढले. बोलणे बायकोचे होते, पण पोटातला सल निराळाच होता. देव केवळ मोशेशीच बोलतो काय, हे त्यांचे खरे दुखणे. मिर्यामेला कोड फुटले, आणि तिला सात दिवस छावणीबाहेर राहावे लागले. येथपर्यंतची गोष्ट सर्वांस पाठ असते. पुढली दोन वचने पुष्कळांच्या नजरेतून सुटतात. जिच्यावर तिने टीका केली होती त्याच मोशेने तिच्यासाठी देवाजवळ धावा केला. आणि मिर्यामेला परत आत आणीपर्यंत सर्व लोकांनी मुक्काम हलविला नाही. एवढा मोठा समुदाय एका चुकलेल्या बहिणीसाठी सात दिवस थांबला! शिक्षा झाली, पण तिला कोणी मागे टाकून गेले नाही. ज्या मंडळीत असे थांबणे आहे, तीच खरी मंडळी.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. वडिलांवरील आरोप दोनतीन साक्षीदारांवाचून घेऊ नये, असे पौल तीमथ्याला लिहितो. पण पाप करणाऱ्याचा सर्वांसमक्ष निषेध करावा, असेही तो लगेच पुढे लिहितो. चहाडीवरून कोणाचे नाव घालवू नये, हे खरे. परंतु मंडळीच्या अब्रूचे नाव करून अपराध झाकणे हा मान नव्हे. विशेषेकरून एखाद्या लेकरावर अत्याचार झाल्याचे कळले, तर तो करणारा कोणीही असो, ते प्रकरण पंचमंडळात मिटविण्याचे नाही. 2012 सालच्या पोक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. लेकरांना माझ्याकडे येऊ द्या म्हणणाऱ्या प्रभूच्या घरात लेकरांचा जीव पुढाऱ्याच्या नावापेक्षा मोलवान आहे.

5. ऊसतोडीस जाणारी घराणी

आता आमच्या सोनपेठ भागातील एक विशेष गोष्ट. दिवाळीनंतर वस्तीतील कितीतरी घरांस कुलपे लागतात. म्हातारी माणसे व शाळेची मुले तेवढी मागे राहतात. नाताळचा सण कारखान्याच्या रानात, पाचटाच्या कोपीत येतो. पाडव्याच्या सुमारास लोक परततात. म्हणजे वर्षातील चारपाच महिने कुटुंब एकीकडे व मंडळी दुसरीकडे. अशा वेळी मंडळीत राहावे तरी कसे?

अक्विल्ला व प्रिस्किल्ला पुन्हा आपल्या मदतीस येतात. हेही पोटासाठी हातांनी काम करणारे जोडपे. तंबू शिवणे हा त्यांचा धंदा. क्लौद्य बादशहाच्या हुकुमाने त्यांस रोम सोडावे लागले. ते करिंथास आले, तेथून इफिसास गेले, पुढे पुन्हा रोमात दिसतात. तंबू शिवणाऱ्यांचे बिऱ्हाड कायम हलते होते. परंतु इफिसात त्यांच्या घरी मंडळी जमे, आणि रोमातही त्यांच्या घरी मंडळी जमे. ते गेले तेथे मंडळी गेली. आणि प्रत्येक ठिकाणी त्यांनी पौल व अपुल्लो ह्यांच्याशी नाते तुटू दिले नाही.

ह्यावरून आम्ही पुढील सूचना करितो.

पहिली : निघण्यापूर्वीच्या रविवारी जाणाऱ्या सर्व कुटुंबांस मंडळीपुढे उभे करून त्यांच्यासाठी प्रार्थना व्हावी. कोणते कुटुंब कोणत्या कारखान्यावर व कोणत्या टोळीत जाते, हे सुवार्तिकाने लिहून ठेवावे.

दुसरी : टोळीत आपली दोनतीन घरे असतील, तर त्यांतील एका जाणत्या माणसाला किंवा बाईला रात्रीच्या प्रार्थनेचा भार द्यावा. पहाटे फडावर जाणाऱ्यांना लांब उपासना नको. एक गीत, चार वचने व घरी राहिलेल्यांची नावे घेऊन प्रार्थना, एवढे पुरे. आता बहुतेकांजवळ मोबाइल आहे. रविवारी पाळकांनी फोनवरून दोन शब्द बोलावेत.

तिसरी : मागे राहिलेली मुले व म्हातारी माणसे ही मंडळीची ठेव आहे. मुलाने शाळा सोडली काय, आजीचे औषध संपले काय, ह्याची चौकशी वडिलांनी आठवड्यातून एकदा तरी करावी. ज्या पुढाऱ्याने परक्याच्या रानात गेलेल्या आईबापांचे लेकरू सांभाळले, त्याला मान द्या असे सांगावे लागत नाही.

चौथी : दानाविषयी. शिक्षण देणाऱ्यास शिकणाऱ्याने आपल्या चांगल्या वस्तूंत वाटा द्यावा, हे गलतीकरांस लिहिलेच आहे. रोजच्या पिठातून काढून ठेवलेली मूठसुद्धा पाळकाच्या घरची चूल पेटवू शकते. परंतु उचल ही मिळकत नव्हे, ते कर्ज आहे. उचलीचे पैसे हाती पडल्याबरोबर पुढाऱ्यांनी वर्गणीसाठी दारात उभे राहू नये. मनुष्याजवळ जे आहे त्याप्रमाणे त्याचे दान मान्य होते, जे नाही त्याप्रमाणे नव्हे, असे पौल करिंथकरांस सांगतो. हंगाम संपून हिशेब झाल्यावर, उपकारस्तुतीने, जे बनेल ते द्यावे.

6. पुढाऱ्यांस दोन शब्द

योहानाच्या तिसऱ्या पत्रात तीन माणसे आहेत. गायस पाहुण्या भावांचे आदरातिथ्य करितो. देमेत्रियाविषयी सर्वांची साक्ष चांगली आहे. आणि तिसरा दियत्रफेस. त्याला पहिला नंबर हवा. तो भावांना घरात घेत नाही, घेणाऱ्यांस अडवितो, आणि मंडळीबाहेर घालवितो. पत्र लहान आहे, पण प्रत्येक पंचमंडळाने ते वर्षातून एकदा मोठ्याने वाचावे. आपणांपैकी प्रत्येकात गायस व दियत्रफेस हे दोघेही बिऱ्हाड करून असतात. कोणाला भाकर घालायची, हे आपल्या हाती आहे.

पैशाचा जमाखर्च दर तीन महिन्यांनी मंडळीपुढे वाचावा. यरुशलेमातील गरिबांसाठी गोळा केलेले दान पौलासारख्या प्रेषितानेही एकट्याने नेले नाही. कोणी दोष लावू नये म्हणून त्याने मंडळ्यांनी नेमलेली माणसे बरोबर घेतली. आणि मोशेला त्याच्या सासऱ्याने सांगितले ते विसरू नये : सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्याय करीत बसलास तर तूही थकशील आणि लोकही थकतील. जो पुढारी काम वाटून देतो, त्याचा मान कमी होत नाही.

असो. विषय मोठा व जागा थोडी. प्रत्येक घराण्याने ह्या आठवड्यापासून एक गोष्ट करावी. रात्रीच्या प्रार्थनेत आपल्या पाळकाचे, सुवार्तिकाचे व वडिलांचे नाव घ्यावे. ज्याचे नाव रोज रात्री लेकरांसमोर देवाजवळ घेतले, त्याच्याविषयी सकाळी वाईट बोलणे जड जाते. आणि बोलायचेच असेल, तर ते त्याच्यापाशी जाऊन बोलण्याचे बळ येते.

विचार करण्यासाठी प्रश्न

1. थेस्सलनीकाकरांस पौल मानाचे कोणते कारण सांगतो? आपण पुढाऱ्यांस कोणत्या कारणाने मान देतो?

2. मुकादमाच्या व मेंढपाळाच्या अधिकारात फरक कोणता?

3. अपुल्लोची चूक अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांनी कशी सुधारली? आपल्या घरी चूक काढण्याची रीत काय आहे?

4. मिर्यामेसाठी लोक सात दिवस थांबले. आपल्या मंडळीत कोणासाठी थांबणे जरूर आहे?

5. ह्या हंगामात आपल्या वस्तीतून कोणती कुटुंबे जाणार आहेत? त्यांच्या मुलांकडे कोण पाहील?